स्थळ पाहणी

फोन संघपाल मोहोडांनीच घेतला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे घरातला जो तो हात झटकून मोकळा झाला आणि सगळं खापर एकट्या त्यांच्या डोक्यावर फुटलं. ते बरोबरच फुटलं, असं त्यांचं स्वतःचंही मत आहे.

फोन आला तेव्हा दुपारचं जेवण आटोपून ते कठोरा रोडच्या घरात पंख्याखाली आडवे झाले होते.

"नमस्कार. डॉक्टर भावना मोहोड यांचे वडील बोलताय का?"

"हाव. बोला."

"मी योगेश वानखडे. भावना मॅडमचं स्थळ पाहायचं होतं. शनिवारी अकराच्या सुमारास आलो तर चालेल?"

संघपाल ताडकन उठून बसले. आता गंमत अशी, की जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात कारकून म्हणून चिकटून अधीक्षक म्हणून बाहेर पडलेल्या या माणसाने आयुष्यात 'स्थळ पाहणी' हे शब्द जितक्या वेळा लिहिले, तितक्या वेळा स्वतःचं नावही लिहिलं नसेल. पूल खचला, स्थळ पाहणी. शाळेचं छत गळलं, स्थळ पाहणी. एखाद्या अभियंत्याने घाईत 'पहाणी' लिहिलं, तर शेरा मारून फाइल परत पाठवणारे हेच. पण माणूस निवृत्त झाला, घरात तिशी ओलांडलेली लेक असली, आणि अकोल्याच्या बहिणीने तिचा बायोडाटा अख्ख्या वऱ्हाडात वाटलेला असला, की त्याच शब्दाचा एकच अर्थ उरतो.

"कोण कोण येता?" त्यांनी आवाजात शक्य तितका बेफिकीरपणा आणून विचारलं.

"मी आणि एक मॅडम. शेवटचा शब्द त्यांचाच असतो."

आई, संघपालांनी ओळखलं.

"मुलीची माहिती पाठवू?"

"माहिती आहे आमच्याकडे सगळी. फक्त मूळ कागदपत्रं काढून ठेवा. डिग्री, काउन्सिलची नोंदणी."

पोरगा भलताच चोखंदळ दिसतो, असं त्यांच्या मनात आलं. तरी मुद्द्याचं बोलून टाकलेलं बरं म्हणून ते ठासून म्हणाले, "पाहा, पत्रिकाबित्रिका आमच्यात नाई पाहत."

पलीकडून योगेश वानखडे जपून म्हणाला, "आमच्यातही नाही पाहत, सर."

"मंग जमलं," संघपाल म्हणाले आणि त्यांनी घराचा पत्ता खुणांसकट सांगितला.

एक गोष्ट त्या वेळी त्यांच्या ध्यानातही आली नाही. भावनाने दिवाळीत शेगाव नाक्याजवळ फिजिओथेरपीचा दवाखाना थाटला होता. काउन्सिलची नोंदणी झाली, पाटी लागली, यंत्रं आली. अडलं होतं ते पॅनेलपाशी. 'आधारवेल' नावाच्या एका ट्रस्टचं आरोग्य-कार्ड शहरातल्या निम्म्या मास्तरांच्या, एसटीवाल्यांच्या आणि बँकवाल्यांच्या खिशात होतं. ही माणसं कंबर धरत धरत दवाखान्यात यायची, "मॅडम, कार्ड चालते का?" विचारायची आणि नाही म्हटल्यावर कंबर धरत धरतच परत जायची. भावनाने पॅनेलसाठी अर्ज केला होता. घरी तिने एकदाच सांगितलं होतं, "एवढं पॅनेल झालं तर मी अमरावतीत टिकते, बाबा. नाई तर दवाखाना बंद करून पुन्हा पुण्याले नोकरी." अर्जात दुसरा नंबर तिने वडिलांचा दिला होता. "पेशंटच्या पाठीवर हात असला की मले फोन उचलता येत नाई. तुमी उचलजा," हेही तिने बजावलं होतं. संघपालांनी मान डोलवली होती. मान डोलवण्याचा त्यांना चाकरीतला दांडगा सराव होता.

शनिवारी सकाळीच अकोल्याहून पंचफुलाआत्या आली. तिचा मुलगा किशोर गाडी चालवत होता आणि मागच्या सीटवर कोथिंबिरीचं सारण भरलेल्या सांभारवडीचा डबा मांडीवर घेऊन ती स्वतः. संघपालांहून ती पाचेक वर्षांनी मोठी. वडील देवमन मोहोड अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत राबत होते तेव्हा धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरवल्याचा हक्क ती अजून बजावत असे. चपला काढायच्या आधीच तिने ताबा घेतला.

"पोरीले सांगितलं का?"

"नाई ताई. पाहाले येऊन राहिले म्हटलं की पोरगी येतच नाई. आबाचा खांदा दुखून राहिला, अकराले ये म्हटलं."

"बेस केलं. अन आबा कुठी हायेत?"

देवमन आबा पलंगावर बसून चहात खारी बुडवत होते. काही वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला होता. डावी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. आता ते काठीच्या आधाराने चालत, थोडे खुरडत, पण चालत. आत्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भावाला स्वयंपाकघरात ओढलं.

"त्याइले मांगच्या खोलीत बसव. लकव्याचं माणूस घरात दिसलं की लोक म्हंतेत, याइच्या रक्तातच हाय. मागचं धामणगावचं स्थळ काहून फिरलं? कोणी बोललं नाई, पन मले समजलं."

"अवो ताई, आबा हायेत ते," जयवंता ओट्यापाशी म्हणाली. संघपालांची बायको शक्यतो नणंदेच्या मध्ये पडत नसे.

"माये बी बापच हायेत ते! मी काय त्याइले घराबाहेर काढून राहिली का? तासाभराची गोठ हाय." मग आत्याने दुसरा मुद्दा काढला. "अन ते मधलं वर्ष. डिग्री झाली अन पुढं वर्षभर पोरगी घरी. ते विचारतीनच. तवा काय सांगसान?"

ते वर्ष सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरला पुढच्या शिक्षणाला मिळालेली जागा सोडून भावना घरी आली होती आणि वर्षभर तिने आबांना उठवलं, बसवलं, उभं केलं होतं. पण ते सांगायचं तर लकवाही सांगावा लागणार.

"तयारी करून राहिली होती म्हणू," संघपाल म्हणाले. "पुढच्या परीक्षेची."

"नागपूरले," आत्याने मान्यता दिली.

जयवंताने गॅस बारीक केला. आणि संघपालांनी स्वतः जाऊन बापाला म्हटलं, "आबा, पाहुणे येऊन राहिले. जरा मांगं बसता का? अन खोकू नका."

आबांनी मुलाकडे पाहिलं. बशीतला उरलेला चहा प्यायले, काठी घेतली आणि काही न विचारता उठून आत गेले. संघपालांनी दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लावली नव्हती, एवढं समाधान त्यांनी पुढे बरेच दिवस जपलं.

अकराला पाहुणे आले. योगेश नीटनेटका, खांद्याला बॅग अडकवलेला, पस्तिशीच्या आतला. सोबतच्या बाई साठीच्या, सुती साडीतल्या, केस पांढरे आणि नजर धारदार. दिवाणखान्यात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली आत्याने "जय भीम" केला. योगेशनेही हसून "जय भीम" केला आणि आत्याने भावाकडे पाहून डोळे मिचकावले.

"कोणते वानखडे?" तिने विचारलं.

"चांदूर रेल्वेचे."

"जवळचेच मंग!"

बाई खुर्चीवर न टेकता भिंती, फरशी, खिडक्या न्याहाळत होत्या. संघपालांनी कागदांची फाइल पुढे केली. डिग्री, गुणपत्रिका, नोंदणी, प्रत्येकाला खूणचिठ्ठी. बाईंनी ती पाहून "वा" म्हटलं. फाइलीबद्दल कोणी "वा" म्हणण्याची संघपाल आयुष्यभर वाट पाहत होते. त्याच क्षणी ही सासू त्यांच्या मनात भरली.

तेवढ्यात योगेशने बॅगेतून मोजपट्टी काढली आणि दिवाणखान्याच्या दाराची रुंदी मोजली.

"हे काय करून राहिला?" आत्या जयवंताच्या कानात कुजबुजली. मग तिला उलगडलं. "माय वं! कपाट जाते का पाहून राहिला!" आणि ती मोठ्याने म्हणाली, "पाहा भाऊ, देणंघेणं आमच्यात नाई. आधीच सांगून ठेवते."

"आमच्यातही अजिबात नाही," योगेश चपापून म्हणाला. "कोणी मागितलं असेल तर तक्रार करा, मावशी." दाराकडे वळून तो बाईंना म्हणाला, "मॅडम, अरुंद आहे."

"हं. पेशंट बसतात कुठे?" बाईंनी संघपालांना विचारलं.

"पेशंट?" मागच्या खोलीच्या दाराकडे न बघण्याची संघपालांनी शिकस्त केली. "घरात पेशंटबिशंट कोणीच नाई, मॅडम. सगळे ठणठणीत!"

योगेशने ते लिहून घेतलं.

"म्हणजे येतच नाहीत कोणी? आजवर आले तरी किती?"

"आले ना!" आत्या पुढे सरसावली. पोरीला मागणी नाही असं कोणाला वाटता कामा नये. "चार-पाच येऊन गेले. पन आमीच नाई म्हटलं."

"नाही म्हटलं? का?"

"एक लईच जाड होता. अन एकाचं वय झालं होतं."

बाईंनी चष्मा काढला. "वय झालं म्हणून परत पाठवलंत?"

"मंग! चाळिशी उलटलेल्या माणसाले कसं हो म्हणाव, तुमीच सांगा!"

किशोरने एक सांभारवडी उचलून अख्खी तोंडात कोंबली. तो अकोल्यात औषधाच्या दुकानात बसायचा. योगेशच्या गळ्यातली पट्टी, शर्टाच्या खिशात खोचलेलं ओळखपत्र आणि हातातल्या चौकोनांच्या छापील कागदावरून त्याला काहीतरी वास यायला लागला होता. पण आईच्या मध्ये बोलायचं धाडस त्याच्यात लहानपणापासून नव्हतं.

"बरं," बाई खुर्चीत बसल्या. आवाज आता थंड झाला होता. "डिग्रीनंतर एका वर्षाचा खंड आहे. त्या वर्षी भावना काय करत होत्या?"

"नागपूरले होती," आत्या म्हणाली.

"तयारी," संघपाल म्हणाले. "पुढच्या परीक्षेची."

"नक्की?"

"म्हणजे काय मॅडम! मीच खोली पाहून दिली होती." हे का बोललो, ते संघपालांना आजतागायत कळलेलं नाही. खोटं बोलायला लागलं की त्यांना तपशील सुचतात.

बाईंनी जयवंताकडे पाहिलं. जयवंताने पदर सारखा केला आणि खाली पाहिलं.

"त्यांनी आम्हाला वेगळं लिहून दिलंय," बाई म्हणाल्या.

आणि भावना आली. अंगात दवाखान्यातला निळा कोट, कपाळावर घाम, स्कूटीची किल्ली हातात. "कुठी हायेत आबा? कोणता खांदा?" तिने सांभारवडीची ताटं पाहिली, आत्या पाहिली, काठाची साडी नेसलेली आई पाहिली, आणि तिला सगळं समजलं. म्हणजे तिला वाटलं, सगळं समजलं.

"बाबा, मी तुमाले किती वेळा सांगितलं..." मग ती पाहुण्यांकडे वळली. "माफ करा हं, तुमची काही चूक नाही. पण मला अजून लग्न करायचं नाहीये."

"कोणाशी?" योगेशने विचारलं.

"तुमच्याशी."

"मॅडम, माझं झालंय!" योगेश उभाच राहिला. खिशातलं ओळखपत्र बाहेर काढून त्याने ते ढालीसारखं समोर धरलं. "आम्ही आधारवेल ट्रस्टकडून आलोय. पॅनेलसाठी. स्थळ पाहणीला!"

संघपालांच्या डोळ्यांसमोरून आयुष्यभर लिहिलेल्या सगळ्या टिपण्या झरझर निघून गेल्या. पूल, छतं, मोऱ्या. स्थळ पाहणी, स्थळ पाहणी, स्थळ पाहणी. मराठीत निदान हा एक शब्द तरी आपला आहे असं ते समजत आले होते.

"हे तुमचं क्लिनिक नाही?" बाईंनी भावनाला विचारलं.

"क्लिनिक शेगाव नाक्यावर आहे. हे आमचं घर आहे, मॅडम."

"फोनवर पत्ता यांनी हाच दिला, आम्हाला वाटलं जागा बदलली." बाईंनी कागद पुढे ओढला. "तो गोंधळ मी समजू शकते. पेशंट परत पाठवले म्हणजे काय तेही आता कळलं. पण त्या एका वर्षाचं काय? तुम्ही लिहिलंय, आजोबांचा लकवा, घरी राहून उपचार. तुमचे वडील सांगतात, नागपूरला परीक्षेची तयारी, खोलीसुद्धा यांनीच पाहून दिली. एक काहीतरी खोटं आहे. नवीन माणसाच्या बाबतीत आम्ही एवढंच तर तपासतो. हे मला नोंदवावं लागेल."

भावनाने वडिलांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर संघपालांना सोसला असता. पण तिला नुसतं कळत नव्हतं, आणि ते त्यांना सोसलं नाही.

"मी खोटं बोललो, मॅडम," ते म्हणाले. "पोरीनं लिहिलं तेच खरं हाय. मले वाटलं, लग्नाचं स्थळ हाय. लकवा ऐकला की लोक मागं सरतात, म्हणून..."

"मीच सांगितलं त्याले तसं बोलाले," आत्या मध्येच म्हणाली. भावाची बाजू घ्यायची वेळ आली की ती कोणाचंच ऐकत नसे.

"वडील म्हणून तुम्ही आता असंच म्हणणार," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण पेनाचं टोपण निघालं होतं.

मागच्या खोलीतून आवाज आला. "संघपाल! पाहुणे गेले का रे? मले लघवीले जाऊ दे, बापा!"

कोणीच हललं नाही. जयवंता हलली. सकाळपासून जेमतेम एक वाक्य बोललेली ती उठली, नवऱ्याच्या आणि नणंदेच्या मधून सरळ चालत गेली आणि तिने दार सताड उघडलं. "या आबा. पुढूनच या."

"आबा मांगच्या खोलीत काहून होते?" भावनाने विचारलं.

संडास अंगणात होता. म्हणजे आबांना अख्खा दिवाणखाना ओलांडावा लागणार होता. ते निघाले. काठी पुढे, मग डावा पाय, मग उजवा. पाहुण्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. चालताना ओठांतल्या ओठांत पुटपुटायची त्यांना सवय लागली होती. "टाच आंधी. मंग बोटं. घासू नोको लेका, टाच आंधी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या आबांच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहत होत्या. आबा उंबऱ्याशी पोचले. अंगणात उतरायला एक पायरी होती. किशोर धरायला धावला तशी त्यांनी काठीनेच त्याला बाजूला सारलं. "उतराले नाठाळ, चढाले शाहाना," म्हणत त्यांनी डावा पाय आधी खाली टाकला, उजवा मागून घेतला आणि ते अंगणातून निघून गेले.

बाई उठून दारापर्यंत गेल्या आणि ते परत येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. परत येताना आबांनी उजवा पाय आधी चढवला.

"नाठाळ कोण, आजोबा?"

"हा डावा." आबांनी मांडीवर थाप मारली. "अन हा उजवा शाहाना. उतरताना नाठाळाले पुढं घालाव, चढताना शाहान्याले. पोट्टीनं शिकवलं. तवा लई शिव्या दिल्या मी तिले. रोज म्हणो, मरू दे माय, काहून उठवून राहिली. थे काही ऐकेच ना." मग त्यांना पाहुणे असल्याचं आठवलं. मुलाकडे वळून ते म्हणाले, "खोकलो नाई मी. पन थे दुसरं मले दाबता आलं नाई."

संघपालांनी मान खाली घातली. मूळ कागद पाहिल्याशिवाय आयुष्यात कशावर सही न केलेल्या माणसाने, नेमका मूळ कागदच मागच्या खोलीत बसवून ठेवला होता. त्यांना लाज वाटली. आबांची वाटली होती त्याहून पुष्कळ जास्त, आणि या खेपेला योग्य माणसाची.

"मी स्वतः आयुष्यभर फिजिओथेरपीच केलीय," बाई भावनाला म्हणाल्या. "डॉक्टर अनसूया. निवृत्त झाल्यावर ट्रस्टसाठी एवढं करते. टाच इतकी सरळ पडायला घरात कोणीतरी महिनोन्महिने मागे लागावं लागतं. त्या वर्षाबद्दल मला आणखी काही विचारायचं नाही." त्यांनी एक सांभारवडी उचलली. "चला, आता तुमचं खरं स्थळ दाखवा."

वरात निघावी तसे सगळे निघाले. पुढे भावनाची स्कूटी, मागे किशोरची गाडी. आबा पुढच्या सीटवर, कारण बाईंचा तसा हुकूम होता. आत्याने वाटेत योगेशला विचारून घेतलं की त्याला लग्नाचा भाऊ आहे का. दवाखान्याचं दार मोजपट्टीत बसलं, उतार बसला, कठडा बसला. अनसूयाबाईंनी सही केली आणि महिनाभरात पॅनेलचं पत्र आलं.

भावना मात्र बापाशी बरेच दिवस कामापुरतंच बोलली. शेवटी एका संध्याकाळी ती दवाखान्याला कुलूप लावत होती आणि संघपाल किल्ल्या धरून उभे होते, तेव्हा तिने ते काढलं. "पॅनेल गेलं असतं तं गेलं असतं, बाबा. मी त्याइले वर्षभर खपून उभं केलं, अन तुमी लोकाइले दिसू नये म्हणून मांगं बसवलं. थे लागलं मले."

"हाव," संघपाल म्हणाले. मग ते म्हणाले, "आबाले उद्यापासून अथी आणून बसवू का? समोरच्या खुर्चीवर? पेशंटले चालून दाखवतीन."

भावना हसली नाही, पण किल्ल्या तिने त्यांच्याच हातात राहू दिल्या.

तेव्हापासून आबा दवाखान्यात दाराशी बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा नाठाळ कोणता ते विचारतात. मध्ये एका दुपारी संघपालांना पुन्हा फोन आला. आवाज अनोळखी, वयस्कर, अदबीचा. अकोल्याच्या पंचफुलाबाईंकडून नंबर मिळाला होता. मुलगा प्राध्यापक होता. भावनाताईंचं स्थळ पाहायला रविवारी आलं तर चालेल का?

"या ना," संघपाल म्हणाले. "पन रविवारी दवाखाना बंद राहते. सोमवारी या. शेगाव नाक्याच्या पुढं, डाव्या हाताले. दार रुंद हाय, व्हीलचेअर सरळ जाते. दाराशी एक म्हातारा बसला दिसीन. त्याले लकवा झाला होता. थो माया बाप होये. आंधी त्याले भेटा, मंग आत जा."